अब्रू, विनयभंग, नकोसे

महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात अंतर्गत तक्रार समितीसाठी एक छोटासा तक्ता असतो. वर्षभरात आलेल्या तक्रारी, निकाली निघालेल्या तक्रारी, प्रलंबित तक्रारी असे त्याचे तीन रकाने. आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक अहवालांत या तिन्ही रकान्यांत एकच शब्द असतो : निरंक. कार्यालयीन मराठीतील हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो लिहिणाऱ्यावर कसली जबाबदारी टाकत नाही आणि वाचणाऱ्याला कसला प्रश्न विचारत नाही. दीड-दोन हजार मुलामुलींचे आवार, वसतिगृह, प्रयोगशाळा, स्नेहसंमेलन, सहल, एन.एस.एस.चे शिबिर, आणि वर्षभरात तक्रार एकही नाही! काही ठिकाणी तर हे वाक्य अभिमानाने वाचून दाखवले जाते.

कागदावरचे मौन इतिहासाच्या अभ्यासकाला नवे नसते. काही घडले नाही म्हणून कागद गप्प आहे, की घडलेले लिहिण्याची सोय नव्हती म्हणून, हे त्याला तपासावेच लागते. आम्ही मराठीचे अध्यापक. त्यामुळे आमची शंका शब्दांकडे वळली. एखाद्या मुलीला तक्रार लिहायचीच झाली, तर तिने ती कोणत्या शब्दांत लिहावी? 'सर त्रास देतात', 'गैरवर्तन केले', 'नको ते बोलले', 'वाईट नजरेने बघतात' अशा शब्दांत अर्ज लिहिले जातात. काय घडले ते यांतील एकही शब्द नीट सांगत नाही. याचे खापर मुलींच्या लेखनकौशल्यावर फोडण्याचा मोह शिक्षकाला होतो, पण तो टाळलेला बरा. गेल्या दीडशे वर्षांत या विषयासाठी मराठीत जे शब्द रुजले, ते बहुतांशी तिने बोलावे म्हणून घडलेलेच नव्हते. तिच्याबद्दल इतरांनी बोलावे म्हणून ते घडले होते.

'संमती' हा शब्दच घ्यावा. आज तो या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. मराठी सार्वजनिक जीवनात तो गाजला तो १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यामुळे. आदल्या वर्षी कलकत्त्यात फूलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली, आणि संमतीचे वय दहावरून बारावर नेण्याचे विधेयक पुढे आले. पुण्यात त्यावरून जे रण माजले ते सर्वांना ठाऊक आहे : एकीकडे आगरकर आणि भांडारकर, दुसरीकडे टिळक आणि केसरी. या वादात धर्मशास्त्राची संमती, सरकारचा अधिकार, समाजाची तयारी या सर्वांचा खल झाला. ज्या मुलीच्या नावाने हा वाद चालला होता तिला काय वाटते हा प्रश्न त्यात जवळजवळ नव्हताच. संमती ही वयाची बाब होती, मनाची नव्हती.

त्याआधी काही वर्षे मुंबईत एका स्त्रीने मात्र मनाची बाब कोर्टापुढे आणली होती. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झालेले. १८८४मध्ये पतीने तिला नांदायला पाठवावे म्हणून दावा लावला, तेव्हा आपण जाणार नाही असे तिने सांगितले. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. पुढे तो फिरला, आणि १८८७मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. शेवटी १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्या पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून येतात. 'नाही' म्हणण्याचा हक्क कोर्टात मागणारी स्त्री म्हणून त्यांचा परिचय विद्यार्थ्यांना क्वचितच होतो.

याच शतकातील आणखी एक गोष्ट आम्हांला या विषयात फार मोलाची वाटते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेने फसवणुकीतून झालेले मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ही घटना या कामाशी जोडून सांगितली जाते. फसवणाऱ्या शास्त्रीबुवांचे काय झाले, हे सांगण्याची गरज त्या काळी कोणास वाटली नाही. फुल्यांनी पुण्यात जाहिराती लावल्या. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे हे त्यांच्या इच्छेवर राहील, असा त्यांचा आशय होता. १८८४पर्यंत पस्तीस विधवा तेथे बाळंत झाल्याची नोंद स्वतः जोतीरावांनी केली आहे. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका बाईचा मुलगा.

या जाहिरातीकडे जरा थांबून पाहावे. पीडित स्त्रीला आधार देण्याची जी तत्त्वे आज प्रशिक्षण-वर्गांत फलकावर लिहून शिकवली जातात, त्यांतील तीन तेथे सहज आलेली आहेत. तिचे नाव गुप्त राहील. तिने हे का केले हे कोणी विचारणार नाही. पुढचा निर्णय तिचा असेल. सावित्रीबाईंच्या अंगावर शाळेच्या वाटेवर चिखल आणि शेण फेकले जाई, हे आपण दरवर्षी ३ जानेवारीला भाषणांत ऐकतो. त्याच सावित्रीबाईंनी घरात अनोळखी बायकांची बाळंतपणे केली, याचा उल्लेख त्या भाषणांत अभावानेच येतो. असो.

फुल्यांच्या या घरात स्त्रीच्या इच्छेला स्थान होते. त्याच सुमारास देशाच्या कायद्यात जो शब्द येत होता, त्यात ते नव्हते. १८६०च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३५४ने मराठीला 'विनयभंग' दिला. मूळ इंग्रजीत स्त्रीच्या मॉडेस्टीला धक्का पोचवणे असा गुन्हा आहे. भाषांतरकाराने त्यासाठी 'विनय' निवडला. हा विनय नेमका कोठे असतो, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९६६मध्ये अत्यंत विदारक रूपात आला. पीडित बालिका साडेसात महिन्यांची होती. तिला विनय असतो का, यावर उच्च न्यायालयाचे उत्तर नकारार्थी होते. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते फिरवले आणि विनय हा स्त्रीजातीचा गुणधर्म आहे असे धरून आरोपीला दोषी ठरवले. निकाल न्याय्य होता. पण त्यासाठी न्यायालयाला बालिकेच्या देहाऐवजी तिच्या 'विनया'चा शोध घ्यावा लागला. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४मध्येही हा शब्द कायम आहे. मोडतो तो विनय, जखमी होते ती अब्रू. आणि अब्रू ही कधीच एकट्या मुलीची नसते. ती घराची असते, गावाची असते, हल्ली संस्थेचीही असते.

अब्रू जपण्याच्या या रीतीची सर्वांत मोठी किंमत एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मोजली गेली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तेथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. आरोपीला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांसाठी, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात आलाच नाही. तिचे लग्न ठरले होते, तिची बदनामी होऊ नये, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. बदनामीपासून वाचवलेली ती स्त्री पुढे बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात अर्धजागृत अवस्थेत पडून होती आणि १८ मे २०१५ रोजी वारली. तिची शुश्रूषा पिढ्यानपिढ्या परिचारिकांनी केली. हल्ल्यानंतर सुरक्षिततेच्या मागणीसाठी संप केला तोही त्यांनीच. आवारात घडलेल्या हिंसेविरुद्ध आवारातील स्त्रियांनीच उभे राहण्याचे हे आपल्याकडील एक ठळक उदाहरण होय.

त्याच्या आदल्या वर्षी, २६ मार्च १९७२च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. तिचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान होते. सत्र न्यायालयाने १९७४मध्ये आरोपींना सोडले. तिला शरीरसंबंधाची सवय असल्याचे कारण निकालात होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना दोषी धरले. एकास पाच वर्षांची, दुसऱ्यास एक वर्षाची शिक्षा झाली. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या निकालाचा गाभा होता. सप्टेंबर १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता.

यानंतर जे घडले त्याचा आम्हां अध्यापकांना विशेष अभिमान वाटावा. १६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही ती चार नावे. पत्राचा युक्तिवाद मुख्यतः शब्दांचा होता : शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे. संमतीत स्वीकार असतो, पण प्रत्येक शरणागतीत संमती नसते. रात्रीच्या वेळी पोलीस चौकीत, नातेवाईक बाहेर उभे असताना, वर्दीतल्या माणसापुढे एक गरीब मुलगी गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ काय लावायचा? वर्गात दहा गुणांच्या प्रश्नासाठी ज्या प्रकारचा अर्थभेद आपण विद्यार्थ्यांकडून करून घेतो, तोच येथे देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे केला गेला. फेरविचाराची मागणी फेटाळली गेली, पण पत्र देशभर पोचले. १९८०च्या प्रारंभी मुंबईत फोरम अगेन्स्ट रेप हा गट उभा राहिला, त्या वर्षीच्या ८ मार्चला शहरोशहरी मोर्चे निघाले, आणि १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास ते आधी खरे धरावे असे ठरले. पीडितेची ओळख उघड करणे हाही गुन्हा झाला. संमतिवयाच्या वादानंतर ब्याण्णव वर्षांनी तिच्या मनाचा प्रश्न कायद्यात शिरला. तोही अर्थात पुष्कळ अटी पाळून.

याच दशकात पुण्यात नारी समता मंचाने 'बोलते व्हा' या नावाने केंद्र चालवले. नाव साधे आहे, पण या विषयात ते किती अवघड आहे हे तक्रारीचा अर्ज हातात धरून बसलेल्या मुलीकडे पाहिले की कळते.

महाविद्यालयांची भाषा मात्र या काळात वेगळ्याच वाटेने चालली होती. आवाराच्या फाटकाशी उभे राहून मुलींना छळणाऱ्यांना मराठीने जी नावे दिली ती पाहण्यासारखी आहेत. रोडरोमिओ, मजनू, सडकसख्याहरी. तिन्ही नावे प्रेमकथांतली! पोलिसांनी त्यांच्या बंदोबस्तासाठी पथक नेमले, त्याचे नाव 'चिडीमार पथक'. म्हणजे छळणारा पारधी आणि मुलगी पाखरू. विनोदी लेखनाने आणि सिनेमाने हा शब्दसंग्रह लाडका केला. पिच्छा पुरवणे म्हणजे प्रेमाची चिकाटी हे समीकरण पडद्यावर इतक्या वेळा मांडले गेले, की वर्गातील मुलांना त्यात काही चूक आहे हे समजावून सांगताना आजही आमची दमछाक होते.

मार्च १९९०मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेच्या वर्गात एका विद्यार्थिनीला जिवंत जाळण्यात आले. सारा महाराष्ट्र हादरला. परीक्षा-केंद्रांच्या बंदोबस्ताची चर्चा झाली. वृत्तपत्रांनी या प्रकारच्या गुन्ह्यासाठी जो शब्द वापरला तो मात्र पुढे तीस वर्षे तसाच टिकला : 'एकतर्फी प्रेम'. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटमध्ये महाविद्यालयाकडे निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आले, आणि १० फेब्रुवारीला ती वारली. आरोपीला २०२२मध्ये जन्मठेप झाली. बातम्यांत शब्द पुन्हा तोच होता. ती आमच्याच व्यवसायातील होती, रोजच्यासारखी तासाला निघाली होती. या घटनेत प्रेम कोठे होते? एका बाजूला नकार होता आणि दुसऱ्या बाजूला तो न मानण्याचा निश्चय. 'एकतर्फी' हे विशेषण लावून मराठीने दुसऱ्या बाजूला प्रेमाची पदवी बहाल केली, आणि नकाराला जणू अपुरेपणाचा दोष दिला. साहित्य शिकवणाऱ्यांनी तरी हा शब्दप्रयोग उत्तरपत्रिकांत तांबड्या शाईने खोडायला हवा.

आवारातील समितीचा उगम एका खेड्यात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. राजस्थानातील भटेरी गावात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवी या सरकारी 'साथिन'वर १९९२मध्ये सामूहिक बलात्कार झाला. काम केल्याबद्दलची ही शिक्षा होती. म्हणून महिला संघटनांनी प्रश्न विचारला, की कामाच्या ठिकाणी स्त्रीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची? १३ ऑगस्ट १९९७च्या 'विशाखा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले : मालकाची, संस्थेची. तक्रार-समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात, बाहेरच्या संस्थेची व्यक्ती हवी. वसतिगृहाचे फाटक सात वाजता बंद करणे म्हणजे मुलींची काळजी, एवढीच ज्यांची समज होती, त्या शिक्षणसंस्थांना हा विचारच नवा होता.

काही विद्यापीठांनी तो मनावर घेतला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९मध्ये स्थापन झालेल्या समितीत विद्यार्थी, अध्यापक आणि कर्मचारी यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असत. समितीच्या निवडणुकीत उमेदवारांना सर्वांपुढे प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. लैंगिक छळ म्हणजे काय यावर आवारात जाहीर वाद होई. ती समिती २०१७मध्ये विद्यापीठाने मोडीत काढली आणि नव्या कायद्याप्रमाणे नेमणुकीची समिती आणली. कायद्याने दिलेले किमान ते कमाल समजून घेण्याचा हा प्रकार होता, असे आमचे मत आहे.

१६ डिसेंबर २०१२च्या दिल्लीतील घटनेनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या गटाचा 'सक्षम' हा अहवाल २०१३मध्ये आला. त्यातील एक भूमिका प्रत्येक वसतिगृह-अधीक्षकांनी वाचावी अशी आहे : सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने घालू नयेत, पहारा वाढवणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. त्याच वर्षी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला, आणि मे २०१६मध्ये आयोगाचे नियम अधिसूचित झाले. या नियमांची भाषा रुक्ष आहे, पण आत बऱ्याच कामाच्या गोष्टी आहेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता अशा अधिकारपदांवरील व्यक्ती समितीत असू नयेत. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी समितीत बसावेत. (ही निवडणूक आमच्या भागात किती महाविद्यालये घेतात, हे विचारण्याचे धाडस आम्ही येथे करत नाही.) तक्रार तीन महिन्यांत करावी, आणि कारण असल्यास मुदत आणखी तीन महिने वाढवता येते. चौकशी नव्वद दिवसांत संपवावी. मुले आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडू शकतात, याचीही दखल या नियमांत आहे.

पीडितेच्या दृष्टीने याहून महत्त्वाची कलमे वेगळी आहेत. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तिच्या उत्तरपत्रिका तपासू नयेत, तिच्या कामाचे मूल्यमापन करू नये. तिला हवी असल्यास तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. तिला पोलिसांत जायचे असेल तर मदत करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. समेट तिने मागितला तरच, आणि तोही पैशाच्या देवघेवीवर नाही. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. आमच्या अनुभवाने सांगायचे तर मुली शिक्षेविषयी फारसे विचारत नाहीत. त्यांचे प्रश्न असे असतात : प्रात्यक्षिकाचे गुण कोण देणार? हजेरी कमी पडली तर फॉर्म भरू देतील का? घरी पत्र जाईल का? शेवटचा प्रश्न सर्वांत जड असतो. घरी कळले की शिक्षण थांबते आणि लग्न ठरते, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते. समितीने सज्ञान मुलीच्या घरी तिला न विचारता फोन केला, तर ती गुप्तता मोडतेच, पण पुढच्या दहा तक्रारीही थांबवते. त्या दहांची नोंद अहवालात 'निरंक' अशी होते.

इस्पितळाविषयीही एक गोष्ट प्रत्येक अध्यापकाने लक्षात ठेवावी. २०१३पासून कोणत्याही सरकारी वा खाजगी रुग्णालयाला पीडितेवर विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे. आणि तिच्या चारित्र्याचा निकाल लावणारी ती कुप्रसिद्ध 'दोन बोटांची' तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये बजावले आहे. १९७४मध्ये मथुरेच्या विरुद्ध जे कारण वापरले गेले, त्याचा वैद्यकीय आधार काढून घ्यायला एवढी वर्षे लागली.

नियमांत आणखी एक तरतूद आहे, आणि ती भाषेच्या शिक्षकांसाठीच लिहिली असावी असे वाटते. तक्रार लेखी देणे शक्य नसेल, तर समितीच्या सदस्यांनी ती लिहिण्यास मदत करावी. मदत म्हणजे तिचे वाक्य सुधारणे नव्हे. 'सरांनी गैरवर्तन केले' या वाक्यावर थांबलेल्या मुलीला केव्हा, कोठे, काय म्हणाले, हात कोठे लावला, तू काय म्हणालीस, असे सावकाश विचारत न्यावे लागते, आणि तिने उच्चारलेलाच शब्द कागदावर उतरावा लागतो. तो कितीही ओबडधोबड असला तरी. शुद्धलेखनाची सवय जडलेल्या आमच्या हातांना हे सोपे जात नाही.

आमच्या महाविद्यालयासाठी या नियमांचे एक पानी मराठी पत्रक करण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा अडचण एका शब्दापाशी आली. 'विशाखा' निकालापासून लैंगिक छळाची व्याख्या 'अनवेलकम' या इंग्रजी शब्दावर उभी आहे. स्पर्श, शेरा, मागणी, चित्र दाखवणे. यांतले जे अनवेलकम, तो छळ. एका सहकाऱ्याने 'अशिष्ट' सुचवला, दुसऱ्याने 'असभ्य'. पण शिष्ट काय आणि सभ्य काय हे समाज ठरवतो. कायद्याला अभिप्रेत आहे तिला ते हवे होते की नाही. शेवटी आम्ही 'नकोसे' हा शब्द घेतला. त्यावर चर्चा बरीच झाली. हा शब्द घरगुती आहे, पत्रकाला शोभत नाही, असे काहींचे म्हणणे पडले. एका सहकारी बाईंनी आठवण करून दिली, की मुलगी नको म्हणून जिचे नावच 'नकुशी' ठेवले अशा सातारा जिल्ह्यातील मुलींची नावे २०११मध्ये समारंभपूर्वक बदलावी लागली होती. तेव्हा या शब्दाला दुसरीही एक बाजू आहे. मुलीला नको म्हणणारा हा शब्द आता मुलीने म्हणायचा, याला कोणाची हरकत नव्हती. कार्यालयाने 'नकोसे'पुढे कंसात 'अवांछित' असा शासकीय शब्द घालावा अशी सूचना केली, ती आम्ही मान्य केली. पत्रक त्याच रूपात छापले आहे.